डॅशबोर्डवर टाकायच्या आधी मेट्रिकची परीक्षा कशी घ्यायची

मेट्रिक (म्हणजे आपलं काम नीट चाललंय का ते मोजणारा आकडा) ठरवायचं म्हटलं की बऱ्याच टीम आधी ॲनॅलिटिक्सचं टूल उघडतात आणि तिथे जे आयतं दिसतंय, डाऊनलोड, रोजचे युजर, सेशनचा वेळ (एकदा उघडल्यावर माणूस किती वेळ थांबतो), तेच उचलून डॅशबोर्डवर लावतात. माझी विनंती आहे की त्या दिवशी टूल बंद ठेवा. आधी आपला माणूस अ‍ॅपमध्ये कशासाठी येतो ते कागदावर लिहा.

उदाहरण म्हणून कांद्याचे भाव दाखवणारं एक अ‍ॅप घेऊ. निफाड तालुक्यातला शेतकरी सकाळी फोन उघडतो, लासलगावचा भाव बघतो, पिंपळगावचा बघतो, किमान किती कमाल किती सरासरी किती, आणि ट्रॅक्टर कुठे न्यायचा ते ठरवून फोन खिशात टाकतो. पाऊण मिनिटात काम झालं. आता इथे सेशनचा वेळ वाढला म्हणून खूश व्हायचं का? तो वाढला म्हणजे बहुतेक पान उघडत नाहीये किंवा त्याला हवा तो भाव सापडत नाहीये. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसते व्ह्यूज सोडून किती वेळ बघितलं त्याला जास्त महत्त्व दिलं, त्यांच्यासाठी ते बरोबर होतं कारण व्ह्यूजच्या मागे लागून लोक फसवे थंबनेल लावत होते, पण तेच मेट्रिक भावाच्या अ‍ॅपला लावलं तर वाटोळं होईल.

मग पहिला प्रश्न, हा आकडा उद्या २० टक्क्यांनी पडला तर आपण नक्की काय करणार? कोण काय तपासणार, कुठलं काम थांबवणार? उत्तर नसेल तर तो आकडा काढून टाका, माहितीसाठी असू दे वगैरे म्हणू नका, असेच १५-२० आकडे साचतात आणि मग कोणीच काही बघत नाही.

दुसरं, व्याख्या एका वाक्यात लिहा, पण पूर्ण लिहा. आपल्या अ‍ॅपसाठी अशी: ज्या दिवशी लिलाव झाले त्या दिवशी अ‍ॅप उघडलेल्यांपैकी किती टक्के लोकांना त्यांनी निवडलेल्या बाजार समितीचा त्याच दिवशीचा भाव एका मिनिटात दिसला. यात लिलाव बंद असलेले दिवस आपोआप बाहेर गेले, नाहीतर दर सुट्टीला ग्राफ पडतो आणि कोणीतरी उगाच घाबरतं. भागायचं कशाने ते सगळ्यात जपून ठरवा. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं होतं की व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ काढताना ते फक्त ३ सेकंदांपेक्षा जास्त बघितलेले व्ह्यूज मोजून भागत होते, म्हणजे पटकन पुढे सरकणारे लोक हिशोबातच नव्हते आणि सरासरी फुगत होती.

रिटेन्शनचंही, म्हणजे किती लोक टिकून राहतात त्याचंही, तसंच. मार्च ते मे उन्हाळ कांदा निघतो, चाळीत भरतात, पुढे काही महिने थोडा थोडा विकतात. चाळ रिकामी झाली की तो माणूस अ‍ॅप उघडणारच नाही, तो काही तुम्हाला सोडून गेलेला नाही. महिन्याला महिना लावू नका, या हंगामाला मागचा हंगाम लावा.

आता खरी परीक्षा, आणि हीच बहुतेक जण घेत नाहीत. जी गोष्ट युजरसाठी वाईट आहे हे आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे, ती घडली तेव्हा मेट्रिक कुठे गेलं ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमध्ये एका प्रयोगात बग शिरला आणि लोकांना फार खराब रिझल्ट दिसायला लागले. झालं काय, तर माणशी सर्च १० टक्क्यांहून जास्त वाढले आणि माणशी कमाई ३० टक्क्यांहून जास्त. कारण साधं आहे, उत्तर मिळेना म्हणून लोक परत परत शोधत होते आणि रिझल्टपेक्षा जाहिरातीच बऱ्या वाटत होत्या. तिथे असे प्रयोग करणारे रॉन कोहावी आणि त्यांच्या टीमने २०१२ मध्ये हे मांडलं, आणि सर्चची संख्या वाढवण्यापेक्षा माणूस किती वेळा परत येतो, म्हणजे माणशी सेशन, त्यावर भर दिला. तुम्हीही जुने लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, काढा, कालचाच भाव दिवसभर अडकून राहिला असा एखादा दिवस शोधा. त्या दिवशी अ‍ॅप उघडण्याची संख्या बहुतेक वाढलेली दिसेल, लोक बिचारे परत परत उघडून बघत असतात. वाईट दिवशी जो आकडा वर जातो त्यावर निर्णय घेऊ नका.

मग ए/ए टेस्ट करा. नेहमीच्या ए/बी टेस्टमध्ये लोकांचे दोन गट करून त्यांना वेगवेगळं व्हर्जन देतात, इथे दोन्ही गटांना एकच व्हर्जन द्यायचं. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची ५ टक्के शक्यता चालवून घेतली तर १०० वेळा केल्यावर साधारण ५ वेळाच फरक दिसायला हवा, त्याहून बराच जास्त वेळा दिसला तर मोजणीतच गडबड आहे. गटांची माणसंही मोजा. एक लाखाचे निम्मे निम्मे करायला सांगितले आणि ५२ हजार-४८ हजार आले तर तो योगायोग नाही, वाटणी करणारा कोड बिघडलाय.

मेट्रिक हलतं का तेही बघावं लागतं. समजा ५ टक्के लोक भावाचा अलर्ट लावतात आणि ते ५.५ झाले तर कळायला हवं. ढोबळ हिशोब असा, १६ (संख्याशास्त्रातल्या ढोबळ नियमातला आकडा) गुणिले ०.०५ गुणिले ०.९५, भागिले ०.००५ चा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात साधारण ३० हजार, दोन्ही मिळून ६० हजार लोक. आठवड्याला ४ हजार नवे लोक येत असतील तर १५ आठवडे गेले, तोवर हंगाम बदलला. अशा वेळी जास्त लोक जिथपर्यंत पोचतात अशी त्याआधीची पायरी मोजा. आणि रोज बघून फरक दिसला रे दिसला की टेस्ट थांबवू नका, त्याने खोटे निकाल येतात.

आकड्याला टार्गेट केलं की तो बिघडतो, हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. म्हणून टीमला अर्धा तास बसवून विचारा, युजरचं काडीचंही भलं न करता हा आकडा कसा वाढवाल? नोटिफिकेशन उघडण्याची संख्या टार्गेट असेल तर कोणीतरी लगेच म्हणेल सगळ्यांना 'भाव वाढला' पाठवू. मग त्याच्या शेजारी नोटिफिकेशन बंद करणाऱ्यांचा आणि अ‍ॅप काढणाऱ्यांचा आकडा राखण म्हणून ठेवा, तो वाढला की वरची वाढ धरायची नाही.

हे सगळं झालं की तीन महिन्यांनी दहा जणांना फोन लावा, मेट्रिक ज्यांचं काम झालं म्हणतंय असे पाच आणि नाही झालं म्हणतंय असे पाच. अ‍ॅप आवडतं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. काल माल कुठे नेला आणि ते कशावरून ठरवलंत, एवढंच विचारा. पहिल्या पाचांपैकी तिघं म्हणाले की भाव तर व्यापाऱ्याला फोन करून विचारला, तर व्याख्येचा कागद परत काढा आणि वरून सुरू करा.