बोलायचं इंग्रजी आणि लिहायचं इंग्रजी : दोन्ही कशी सांभाळावीत

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, म्हणजे जिथं म्हशीची धार समोर काढून दूध देतात तिथं, कुणी "आपण दुग्धप्राशन करणार आहात काय?" असं विचारलं, तर म्हैससुद्धा मान वळवून बघेल. तिथं "दूध घेणार न्हवं?" एवढं पुरतं. तोच माणूस महापालिकेत अर्ज देताना "पाणी येईना झालंय, बघा की जरा" असं लिहीत नाही. "गेले चार दिवस पाणीपुरवठा झालेला नाही" असं लिहितो. या दोन मराठी आपल्याला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. इंग्रजी मात्र शाळेत एकच शिकलो, कागदावरचं, आणि तेच तोंडानं बोलायला जातो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं टेबल सांभाळतो. एकदा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला फोनवर म्हणालो, "वुई कॅन शिप इट ऑन फ्रायडे." समोरून "ओह, दॅट्स टू बॅड." शुक्रवारी माल पाठवतोय, त्यात वाईट काय, मला कळेना. त्याला "कॅन्ट" ऐकू गेलं होतं. होकारी वाक्यात "कॅन" गिळायचा असतो, "वुई कन शिप", आणि जोर "शिप"वर द्यायचा. "कॅन्ट"वर मात्र जोर पडतो, आणि त्यातला शेवटचा ट अमेरिकन तोंडात बऱ्याचदा फुटतच नाही. मी पुस्तकातल्यासारखा ठणठणीत "कॅन" म्हणालो आणि घोळ केला.

म्हणून पहिलं काम कानाचं. मोबाइलवर एखादी मुलाखत किंवा क्रिकेटची कॉमेंट्री लावा, दोनच मिनिटं, सबटायटल बंद ठेवून. जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहा. मग सबटायटल लावून ताडून बघा. लिहिलेलं असेल "कप ऑफ टी", तुमच्या वहीत "कपटी" उतरलेलं असेल, तुमचंच बरोबर. टू, फॉर, ऑफ, अँड, फ्रॉम हे शब्द बोलताना दबतात, "गोइंग टू"चं "गना" होतं. आपणही "करायला लागलाय काय" असं म्हणत बसत नाही, "करालाय काय" म्हणून मोकळे होतो. हे रोज केलंत तर दोन-तीन आठवड्यांत कान बदललेला जाणवेल.

स्पेलिंगसाठी मात्र कानावर विसंबू नका. कॅक्स्टननं इंग्लंडात 1476 साली छापखाना घातला, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार पुढे निघून गेले. "नाइफ"मधला के एकेकाळी खरोखर बोलत असत. मराठीनं 1962 च्या शुद्धलेखन नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीनं तसली सरसकट साफसफाई कधी केली नाही, त्याला आपण काय करणार?

दुसरं, बोलताना वाक्यं तोडा. "पूर्ण वाक्यात उत्तरे द्या" हा प्रश्नपत्रिकेचा नियम आहे, गप्पांचा नव्हे. "कमिंग?" "इन अ मिनिट." झालं. सुचेना तर "वेल" म्हणून दम घ्या.

आता लिहिणं. इथं खरी मेख आहे, कारण कागदाला आवाज नसतो. "वुई ऑर्डर्ड टेन बॉक्सेस" हे एकच वाक्य बघा. जोर "वुई"वर दिला तर आम्हीच मागवले. "टेन"वर दिला तर दहाच मागवले. "ऑर्डर्ड"वर दिला तर मागवले खरे, मिळाले कुठं? मराठीत हे काम आपला "च" करतो, तोही कागदावर. इंग्रजीत ते आवाज करतो, म्हणून लिहिताना जास्तीचे शब्द घालावे लागतात: "टेन बॉक्सेस, नॉट ट्वेल्व्ह" किंवा "ऑर्डर्ड, बट हॅव नॉट रिसीव्ह्ड". मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला विचारा, इथं मी आवाज चढवला असता का? असेल तर तिथं शब्द घाला.

तसंच "की"चं. "बस की", "पाठव की" यातला "की" काढा, लगेच हुकूम वाटतो. "सेंड द ड्रॉइंग" फोनवर गोड आवाजात खपतं, मेलमध्ये दरडावल्यासारखं दिसतं. तिथं "कुड यू सेंड द ड्रॉइंग" लिहायचं. आपला कोल्हापुरी "की" इंग्रजीत "कुड यू" होतो, असं मी नव्या पोरांना सांगतो. ती हसतात, पण विसरत नाहीत.

जड शब्दांचा सोस मात्र नको. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं दरबारात, कोर्टात फ्रेंच बसली. त्यामुळं "बाय"शेजारी "पर्चेस", "स्टार्ट"शेजारी "कमेन्स" अशा जोड्या झाल्या. तोंडात बहुतेक पहिला शब्द येतो. लिहिताना दुसराच हवा असं काही नाही. साध्या मेलला "बाय" पुरतं. "डू द नीडफुल" तर आपल्याकडं सर्रास चालतं, पण परदेशी माणसाला नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. जे करायचं तेच लिहा. "डोन्ट", "आय'ल" असली जोडरूपं व्हॉट्सॲपवर आणि ओळखीच्या मेलमध्ये खुशाल वापरा. अर्ज, करार, कोटेशन यांत "डू नॉट", "आय विल" असं सुटं लिहा.

सरावाला एक सोपा प्रकार आहे. रोज एकच गोष्ट घ्या, समजा माल दोन दिवस उशिरा जाणार आहे. आधी मित्राला इंग्रजीत व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा: "हे, सो, द ट्रक'स लेट, इट'ल बी मंडे नाउ, सॉरी." मग तेच मेलमध्ये लिहा: "द कन्साइनमेंट विल लीव्ह ऑन मंडे इन्स्टेड ऑफ सॅटर्डे बिकॉज द ट्रक हॅज बीन डिलेड." शेवटी मेल मोठ्यानं वाचा आणि व्हॉइस मेसेज शब्दन् शब्द लिहून काढा. दोन्ही सारखेच दिसले, तर त्यातलं एक परत करायचं. मला पहिले कित्येक दिवस व्हॉइस मेसेजच परत करावे लागले.