घुबडाच्या गोळीतून ऊर्जेचा हिशोब

मी नववीला विज्ञान शिकवतो. पोषण पातळ्या, म्हणजे वनस्पतीपासून सुरू होणाऱ्या अन्नसाखळीतल्या पायऱ्या, मुलांना तोंडपाठ असतात, पण घुबड कितव्या पातळीवर, असं विचारलं की वर्ग गप्प. मग मी गव्हाणी घुबडाच्या गोळ्या आणतो. हा पक्षी उंदीर अख्खा गिळतो आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकून टाकतो. आमच्या निफाड तालुक्यात गहू, ऊस आणि कांद्याच्या चाळी, म्हणजे उंदरांना तोटा नाही. जुन्या वाड्यांच्या आढ्याखाली अशा काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या शोधा. खाली पडलेल्याच उचला. पिल्लं दिसली तर त्या जागेचा नाद सोडा. कुणी घुबडाला अपशकुनी म्हणालं, तर चाळीतले उंदीर कोण कमी करतं ते विचारा.

हातमोजे घाला. गोळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग दाभण आणि चिमट्याने केसांचा लगदा हळूहळू सोडवा. कवट्या वेगळ्या काढा. उंदराच्या कवटीत पुढे नारिंगी पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीची कवटी लांबट, निमुळती; टोकदार दातांची सलग रांग, मध्ये फट नाही. हा फरक भिंगातून प्रत्येक मुलाला पाहू द्या, घाई करू नका.

कारण खरा हिशोब इथेच आहे. उंदीर धान्य खातो, चिचुंद्री मुख्यतः किडे. आता बाण काढा, खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. निम्मी मुलं उलटा काढतात. गहू → उंदीर → घुबड, आणि गवत → नाकतोडा → चिचुंद्री → घुबड. तेच घुबड एकदा तिसऱ्या पातळीवर, एकदा चौथ्या!

अमेरिकेतल्या लिंडमन या परिसंस्था-अभ्यासकाने 1942 साली एका तळ्याच्या अभ्यासातून पातळ्यांमधला हा ऊर्जेचा हिशोब मांडला. साधारण 10 टक्के ऊर्जा पुढे जाते असं धरा. वनस्पतीत 1000 किलोकॅलरी असतील तर पहिल्या साखळीत घुबडापर्यंत 10 पोचतात, दुसरीत फक्त 1. बाकीची श्वसनात उष्णता होऊन जाते, विष्ठेत जाते किंवा खाल्लीच जात नाही.

पण 10 हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. उंदीर उष्ण रक्ताचा. खाल्लेलं बहुतेक अंग गरम ठेवण्यातच उडवतो, म्हणून त्याच्या अंगात साठून पुढे जाणारी ऊर्जा 10 टक्क्यांच्या बरीच खाली राहते. नाकतोड्याला ते ओझं नाही. हुशार मुलांना हे जरूर सांगा, परीक्षेत मात्र 10 च लिहायला लावा.

उरलेले केस फेकू नका. जुन्या गोळीत कधी लोकरीला लागते तशी कसर दिसते; तिच्या अळ्या हेच केस खातात. फळ्यावर गोळीपासून त्यांच्याकडे आणखी एक बाण काढायला लावा.