तांदळात लिहिलेलं नाव विमानाला चालत नाही: स्वस्तात परदेशी हनिमून करताना या चुका टाळा

आम्ही दोघंही त्याआधी कधी देशाबाहेर गेलो नव्हतो, विमान म्हणजे पुणे-दिल्ली एवढंच माहिती, आणि बजेट कमी म्हणून बाली ठरवलं. तिकडे जेवणखाण, हॉटेल खरंच स्वस्त पडलं. जे जास्तीचे पैसे गेले ते सगळे पुण्यात घरी बसून बुकिंग करताना गेले.

पहिली चूक नावाची. नवऱ्याने उत्साहात माझं तिकीट सासरच्या आडनावाने काढलं आणि पासपोर्टवर नाव माहेरचं! तांदळात अंगठीने काय लिहायचं ते लिहा हो, पण तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स सगळीकडे पासपोर्टवर जे नाव आहे तेच पाहिजे, अगदी स्पेलिंगसकट. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं काही नाहीये. बदलायचंच असेल तर परत आल्यावर निवांत बदला, कारण रीइश्यूला टाकला की जुना पासपोर्ट रद्द होतो आणि काढलेलं तिकीट मात्र जुन्याच नावावर राहतं. आणि चुकून झालंच असेल तर एअरपोर्टवर बघू म्हणत बसू नका, त्याच दिवशी एअरलाईनला फोन करा. एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक करून देतात, अख्खं आडनाव बदलायचं म्हटलं की कटकट, आम्हाला तर तिकीट कॅन्सल करून नवीनच काढावं लागलं. पासपोर्ट हातात आहेच तर एक्सपायरी पण बघा, तिकडे पोचल्यावर पुढे किमान ६ महिने शिल्लक लागतात.

दुसरी चूक ऐकून हसाल. फ्लाईट १२ तारखेला रात्री १२:४० ची. ११ ला सत्यनारायणाची पूजा, मग १२ ला दिवसभर आराम करून रात्री निघू असा आमचा प्लॅन. मावशीकडे केळवणाला मामांनी सहज तिकीट बघितलं आणि म्हणाले, अगं ही ११ ची रात्र आहे! म्हणजे मुंबईला एअरपोर्टवर ११ ला रात्री साडेनऊला हजर, घाटातलं ट्रॅफिक धरून पुण्यातून दुपारी चार-साडेचारलाच निघायचं, तीर्थप्रसाद वाटता वाटता कॅब दारात. त्यामुळे लग्न, पूजा, जेजुरी हे सगळं आधी कागदावर मांडा आणि मगच तिकीट काढा. फ्लाईट चुकली तर नुसतं जायचं जात नाही, एकाच बुकिंगवर असेल तर येतानाचं पण रद्द होतं. जमणार नाही असं कळलं की निघायच्या आधीच तारीख बदलून घ्या.

आता पाऊस. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. बाली विषुववृत्ताच्या खाली, तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, आणि आम्ही गेलो फेब्रुवारीत. हॉटेल एवढं स्वस्त कसं मिळालं ते पोचल्यावर कळलं. फुकेतला उलट, मे ते ऑक्टोबर ओलं, आणि त्याच थायलंडमधल्या कोह सामुईला जोरदार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यामुळे देशाचं नाही, ज्या बेटावर जाणार त्याचं हवामान बघा.

आणि एक, पाडव्याच्या आसपास बालीला जाणार असाल तर न्येपीची तारीख तपासा. त्यांचं शक नववर्ष, २०२३ ला तर ते आणि आपला गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच होते, पण दर वर्षी जुळतंच असं नाही. त्या दिवशी २४ तास एअरपोर्ट बंद, हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही.

पॅकेज घेताना एजंटला सरळ विचारा, हा आकडा एकाचा का दोघांचा, विमान धरून का सोडून, जीएसटी आणि टीसीएस (परदेशी पॅकेजवर एजंट आधीच घेतो तो इन्कम टॅक्स) धरून का वर. टीसीएस बुडत नाही, पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना धरता येतो, पण आत्ता खिशातून जातोच ना. बालीला व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५ लाख रुपिया (घाबरू नका, रुपिया हे तिकडचं चलन, आपले अडीच-तीन हजार रुपये) आणि २०२४ पासून दीड लाख रुपियाचा टुरिस्ट टॅक्स वेगळा. आमच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं.

मालदीव करणाऱ्यांनी पोचायची वेळ बघा. लांबच्या रिसॉर्टला नेणारं सीप्लेन फक्त उजेडात उडतं, संध्याकाळी उतरलात की एक रात्र राजधानी मालेत हॉटेलचा खर्च. बजेट कमी असेल तर माफुशीसारख्या लोकल (म्हणजे रिसॉर्टचं नाही, तिथल्या लोकांच्या वस्तीचं) बेटावर गेस्टहाऊस घ्या, स्पीडबोटीने जाता येतं, फक्त तिथे दारू मिळत नाही आणि बिकिनी ठराविक बीचवरच चालते.

कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं रुपयात घेऊ का. आपले रुपये बघून बरं वाटतं पण नाही म्हणा, तिकडच्याच चलनात घ्या, रुपयात केलं की रेट ते लावतात आणि तो महागच असतो.

आणि पहिल्या दिवशी काहीही प्रीपेड ठेवू नका. लग्नाच्या दगदगीनंतर आम्ही दोघं दुपारी साडेतीनपर्यंत ढाराढूर झोपलो, बोटीचे पैसे गेले, आणि खरं सांगू का, ती झोपच ट्रिपमधली सगळ्यात मस्त गोष्ट होती.