छंदाच्या वस्तूंचे घरात फोटो : आधी प्रकाश, मग व्हाइट बॅलन्स

हाताने विणलेली फिकट जांभळी शाल, रंगवलेले छोटे जहाज, जमवलेली नाणी किंवा कागदाची फुले यांचे फोटो घरात काढू लागल्यावर पहिली निराशा रंगांच्या बाबतीत पदरी पडते. पांढरा पिवळट येतो, करड्यावर निळी झाक येते आणि जांभळ्याचे काय होईल याचा तर नेमच नसतो. अशा वेळी दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो, परंतु खरे कारण बहुधा खोलीतच असते. कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्स ही सोय एका फोटोत एकाच रंगाच्या प्रकाशाची दुरुस्ती करू शकते. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश एकत्र आले असतील, तर एकाला सावरताना दुसरा बिघडणारच. म्हणून मेनूतील आकड्यांशी झटापट करण्यापूर्वी वस्तूवर पडणारा प्रकाश एकरंगी करून घ्यावा. पुढील पायऱ्यांचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे.

प्रकाशाचा रंग ओळखावा

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब २७०० ते २९००, दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास आणि ढगाळ आकाश साधारण ६५०० इतके भरते. स्वच्छ दिवशी सावलीत निळ्या आकाशाकडून येणारा प्रकाश तर ७००० च्याही वर जातो. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा, हे आरंभी उलटे वाटते, कारण बोलताना आपण निळ्याला थंड आणि पिवळ्याला उबदार म्हणतो. पण तापवलेले लोखंड आधी लाल, मग नारिंगी आणि पुढे पिवळसर पांढरे होत जाते हे आठवले की कोडे सुटते. डोळ्यांना हे फरक सहसा जाणवत नाहीत, कारण बल्बच्या पिवळ्या उजेडातला कागदही मेंदू पांढराच ठरवून टाकतो. कॅमेऱ्याला ही सवय नसते, त्याला प्रकाशाचा रंग सांगावा लागतो.

या आकड्यांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते, हे मला फार उशिरा कळले. फोटोत २७०० आणि ३००० यांतील फरक नजरेत भरतो, तर ६२०० आणि ६५०० यांतील जेमतेम जाणवतो. दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागल्यावर मायर्ड नावाचे माप मिळते आणि त्यात पहिल्या जोडीतील अंतर सुमारे ३७, तर दुसऱ्या जोडीतील सुमारे ७ भरते. म्हणून पिवळ्या दिव्याखाली व्हाइट बॅलन्स शंभर-शंभरने बदलावा; निळसर प्रकाशात पाचशेच्या उड्या मारल्या तरी बिघडत नाही.

एक सोडून बाकीचे प्रकाश बंद करावेत

एकदा मी कागदी घराची प्रतिकृती खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून तिचे चाळीसेक फोटो काढले. संध्याकाळी संगणकावर पाहिले तर घराची डावी भिंत निळसर आणि उजवी नारिंगी दिसत होती. एक भिंत सुधारावी तर दुसरी आणखी बिघडे. त्या खटाटोपात संध्याकाळ संपली. टेबलाच्या कोपऱ्यात पुस्तक वाचण्यासाठी ठेवलेला दिवा सुरूच राहिला होता, एवढेच त्याचे कारण होते. काढताना तो दिवा मला दिसत होता, पण त्याचा रंग दिसत नव्हता.

त्यामुळे खिडकीचा प्रकाश वापरायचा की दिव्याचा, हे आधी ठरवावे. खिडकी निवडली तर खोलीतील प्रत्येक दिवा बंद करावा, दिवा निवडला तर पडदे ओढून घ्यावेत किंवा अंधार पडेपर्यंत थांबावे. दोन दिवे लागणार असतील तर ते एकाच प्रकारचे, एकाच वेळी आणलेले असावेत, कारण वेष्टनावर तोच केल्विनचा आकडा असलेले दोन वेगवेगळे एलईडी शेजारी लावले की एक गुलाबी आणि दुसरा हिरवट दिसणे मुळीच दुर्मीळ नाही.

खात्री करून घेण्याची एक सोपी रीत आहे. टेबल टेनिसचा पांढरा चेंडू वस्तूच्या जागी ठेवावा, एक फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. चेंडूच्या सर्व बाजू एकाच छटेच्या असतील, केवळ उजेड-अंधाराचा फरक असेल, तर प्रकाश एकरंगी आहे. सावलीच्या कडेला निळी किंवा पिवळी पट्टी दिसली तर दुसरा प्रकाश कुठून तरी शिरतो आहे. तो दिव्याचाच असतो असे नाही. रंगवलेली भिंत, लाल टेबलक्लॉथ, खिडकीबाहेरचे दाट झाड यांवरून परतणारा प्रकाशही आपला रंग घेऊन येतो. चकचकीत वस्तूत तर फोटो काढणाऱ्याचा सदराही उमटतो, म्हणून मी अशा कामाला करडा सदरा घालून बसतो. घरच्यांना यात गंमत वाटते, पण उपाय लागू पडतो.

दिवा निवडताना

नवा दिवा घ्यायचा झाल्यास ५००० ते ५६०० केल्विनचा एलईडी घ्यावा. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी असतो. व्हाइट बॅलन्स साधताना कॅमेरा निळा भाग वाढवतो आणि त्याबरोबर गडद जागांतील रवाळपणाही वाढतो. केल्विनपेक्षाही वेष्टनावरील सीआरआय हा आकडा अधिक काळजीपूर्वक पाहावा. त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात हे तो १०० पैकी सांगतो आणि छंदाच्या कामासाठी तो ९० च्या वर, शक्यतो ९५ असावा. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असल्यामुळे गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचे माप आर९ या नावाने स्वतंत्र दिले जाते आणि लाल लोकर किंवा लाल रंगकाम टिपणाऱ्याने ते आवर्जून तपासावे. दिव्याच्या प्रकाशात एखादा रंग मुळातच अपुरा असेल, तर व्हाइट बॅलन्सने तो परत आणता येत नाही.

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा कमी-अधिक होतो. डोळ्यांना हे कळत नाही, पण शटर वेगवान असले की फोटोत आडवे पट्टे उमटतात किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचे रंग वेगळे येतात. ट्रायपॉड वापरून शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून संथ ठेवले की हा प्रश्न बहुतेक मिटतो.

प्रकाश मऊ करून बाजूने आणावा

उघड्या दिव्याची सावली कडक असते आणि चकाकी एका ठिपक्यात एकवटते. सावली मऊ करण्यासाठी प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने मोठा असावा लागतो. दिव्यासमोर वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताणून धरले की तो कागदच प्रकाशाचा स्रोत होतो. कागद दिव्याला चिकटवून ठेवू नये, कारण तसे केल्यास त्याचा लहानसा भागच उजळतो आणि दिवा तापणारा असेल तर धोकाही असतो. कापड शुभ्र असावे, पिवळट पडलेली जुनी चादर सगळ्या फोटोंना आपला रंग देते. अंतराचे गणितही लक्षात ठेवावे : लहान दिवा दुप्पट दूर नेला की वस्तूवरील प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉपनी कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे), आणि स्रोत लहान भासू लागल्याने सावलीही कडक होते. म्हणून पसरवलेला प्रकाश चौकटीत येणार नाही इतपत जवळ आणावा.

आता बाजू ठरवावी. कॅमेऱ्याच्या मागून येणारा प्रकाश वस्तू सपाट करून टाकतो. दिवा वस्तूच्या एका बाजूला, थोडा वर आणि किंचित मागे ठेवावा. दिव्यासमोर, वस्तूच्या दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा आणि सावलीत तपशील दिसू लागेपर्यंत तो पुढे-मागे सरकवावा. माझ्या मते दुसरा दिवा घेण्यापूर्वी हा पुठ्ठा महिनाभर वापरून पाहावा, कारण पुठ्ठ्याचा प्रकाश मूळ दिव्याच्याच रंगाचा असतो आणि व्हाइट बॅलन्सची एक अडचण परस्पर टळते.

वस्तूनुसार हे बदलते. विणकाम आणि भरतकाम यांसाठी प्रकाश जवळजवळ टेबलाला समांतर यावा, म्हणजे टाक्यांची प्रत्येक उंची सावलीने उठून दिसते. नाण्याचे वेगळे आहे. चकचकीत धातूचा फोटो म्हणजे त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो असतो. ज्या कोनात प्रकाश येतो त्याच कोनात तो परततो, त्यामुळे दिवा न हलवता नाणे एका कडेने काडीपेटीच्या काडीएवढे उचलले तरी काळवंडलेला पृष्ठभाग अचानक उजळतो आणि अक्षरे स्पष्ट होतात. काचेमागील चित्र टिपायचे तर कॅमेरा समोर सरळ आणि दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवावेत. भिंगावर लावायच्या पोलरायझिंग फिल्टरने काचेवरची चकाकी कमी होते, धातूवर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नाही.

एक्सपोजर

एक्सपोजर म्हणजे फोटो किती उजळ येईल हे ठरवणे. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० किंवा २००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/८ ते एफ/११, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि दोन सेकंदांचा टायमर एवढ्यावर बहुतेक वस्तूंचे काम भागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोजमाप फसते, कारण कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सर्व काही मध्यम करडे धरून चालतो. तेथे एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे, मात्र हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतील उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ ओलांडू देऊ नये. लाल, हिरवा, निळा यांपैकी एक जरी भाग भरून वाहू लागला तर त्या जागेचा रंग पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

व्हाइट बॅलन्स साधावा

ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीतील रंगांवरून प्रकाशाचा अंदाज बांधतो. चौकटभर नारिंगी झेंडू असला की प्रकाशच नारिंगी आहे असे समजून तो फूल फिके करतो, आणि पुढच्या फोटोत थोडी पार्श्वभूमी दिसली की मत बदलतो. एकाच मालिकेतील फोटो वेगवेगळ्या रंगांचे येतात ते यामुळे. घरात, स्थिर प्रकाशात, ऑटो वापरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

सर्वांत भरवशाचा मार्ग रंगाची झाक नसलेल्या करड्या कार्डाचा आहे. कार्ड वस्तूच्याच जागी, तिच्यावर पडतो तोच प्रकाश पडेल असे धरावे. फोकस मॅन्युअल करावा, कारण सपाट करड्यावर ऑटोफोकसला पकड मिळत नाही. चौकट कार्डाने भरून योग्य एक्सपोजरचा एक फोटो काढावा आणि मेनूतील कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवडावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत यानंतर व्हाइट बॅलन्सचा प्रकारही कस्टमवर न्यावा लागतो. ही अर्धी पायरी विसरून सगळी मालिका ऑटोवर काढण्याचा पराक्रम मी दोनदा केला आहे. कार्डाऐवजी छपाईचा पांढरा कागद वापरणे टाळावे. तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली चमकद्रव्ये खिडकीच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी निळसर उजळतात. कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करतो आणि फोटो पिवळट होतो.

कार्ड नसल्यास केल्विनचा आकडा हाताने द्यावा. येथे नवख्यांची हमखास गफलत होते : कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो निळा न होता नारिंगी होतो. आपण कॅमेऱ्याला प्रकाशाचा रंग सांगत असतो आणि तो त्याच्या उलट भर घालतो. प्रकाश ५५०० चा असताना ३२०० सांगितले तर फोटो निळा पडेल, ८००० सांगितले तर पिवळा. आकडा जुळूनही करड्यावर हिरवी झाक उरली, तर ती ट्यूबलाइटची किंवा हलक्या एलईडीची खूण असते. केल्विन बदलून ती जात नाही, त्यासाठी हिरवा-मॅजेंटा (गडद गुलाबी) अक्ष, म्हणजे टिंट, मॅजेंटाकडे सरकवावा लागतो.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली नोंद, ठेवल्यास हे सारे नंतरही करता येते. प्रत्येक मांडणीत पहिला फोटो कार्डासह काढावा, संगणकावर पिपेट या रंग टिपणाऱ्या साधनाने कार्डावर टिचकी मारावी आणि तीच मूल्ये उरलेल्या फोटोंना लावावीत. जेपेगमध्ये मात्र रंग आधीच ठरून बसलेला असल्याने थोड्याच दुरुस्तीने चित्र फाटू लागते. फोनवर काढणाऱ्यांनी प्रो मोड उघडून व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधावा. बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक केले म्हणजे रंगही लॉक झाला, असे प्रत्येक फोनमध्ये होत नाही.

तपासणी

रंग पाहण्यापूर्वी पडद्यावरील रात्रीचा मोड आणि आजूबाजूच्या प्रकाशानुसार रंग बदलणारी सोय, दोन्ही बंद करावीत, नाहीतर पिवळ्या पडद्यावर बसून आपण चांगले फोटो निळे करून ठेवतो. नजरेपेक्षा आकड्यांवर विसंबावे. फोटोतील कार्डावर पिपेट ठेवल्यावर लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे जवळजवळ सारखे, जसे १३१, १३०, १३१, असे यावेत. १४२, १३०, ११५ असे आले तर पिवळेपणा उरला आहे. १२८, १३८, १२८ आले तर टिंट राहिला आहे. तिन्ही जुळूनही वस्तूचा एखादाच रंग चुकत असेल, तर व्हाइट बॅलन्सला हात लावू नये. दिव्याच्या वेष्टनावरचा सीआरआय पुन्हा पाहावा. मांडणी जमली की दिवा, पुठ्ठा आणि ट्रायपॉड यांच्या जागा टेबलावर व जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्याव्यात आणि केल्विन व टिंट यांचे आकडे त्या पट्टीवरच लिहून ठेवावेत.