हरणाऱ्या संघाचे चाहते कसे व्हावे आणि कसे टिकावे : डेट्रॉइटची रीत

पुणे-चाकणहून वाहन उद्योगातल्या नोकरीसाठी डेट्रॉइटच्या परिसरात, म्हणजे बहुधा नोव्हाय, ट्रॉय किंवा कँटनसारख्या उपनगरात, राहायला आलेल्या मराठी माणसाला सप्टेंबर उजाडला की कचेरीत, शेजारात आणि मुलांच्या शाळेबाहेर एकच विषय कानावर पडू लागतो, तो म्हणजे लायन्स. अमेरिकन फुटबॉल खेळणारा हा डेट्रॉइटचा व्यावसायिक संघ. 1957 नंतर त्याला एकही अजिंक्यपद मिळालेले नाही, आणि 1967 पासून खेळल्या जाणाऱ्या सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत तो आजवर एकदाही पोहोचलेला नाही. अशा संघाला आपले म्हणायचे आणि वर्षानुवर्षे म्हणत राहायचे, यासाठी नुसता उत्साह पुरत नाही. त्याला एक रीत लागते. ती मी माझ्या शेजाऱ्यांकडून शिकलो. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षे प्रेसवर काम करून निवृत्त झालेले हे गृहस्थ प्रत्येक सामना आपल्या गॅरेजमध्ये बसून पाहतात. त्यांच्या भिंतीवर खिळ्याला 2008 सालची दिनदर्शिका अजून लटकलेली आहे. संघ हरला की ते त्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने गुणसंख्या लिहितात आणि जिंकला की शाईने. त्या वर्षीची सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतची सगळी पाने पेन्सिलीचीच आहेत.

म्हणून निळा सदरा विकत घेण्याआधी ही बाकी समजून घ्यावी. 29 डिसेंबर 1957 रोजी लायन्सने क्लीव्हलँड ब्राउन्सचा 59-14 असा धुव्वा उडवून अजिंक्यपद जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू, बॉबी लेन याला पिट्सबर्गला देऊन टाकले, आणि जाताना त्याने पन्नास वर्षांचा शाप दिला अशी कथा इथे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी, पण ऐकावी जरूर, कारण लोकांनी आपले दुःख कुठे टांगून ठेवले आहे ते तिच्यातून कळते. त्यानंतर जानेवारी 2024 पर्यंतच्या सहासष्ट वर्षांत लायन्सने बाद फेरीतला एकच सामना जिंकला : 5 जानेवारी 1992 रोजी, डॅलस काउबॉइजविरुद्ध, 38-6 असा. आणि 2008 साली ते सोळापैकी सोळा सामने हरले, जे सोळा सामन्यांच्या हंगामात त्याआधी कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. नव्या चाहत्याने या चार गोष्टी तोंडपाठ कराव्यात. त्या माहीत नसताना एखाद्या पराभवावर मत देणे म्हणजे घरातले दुखणे न विचारता औषध सुचवण्यासारखे आहे.

संघाच्या बाकीबरोबर शहराचीही बाकी पाहावी, कारण इथे ती दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेली नाही. 1950 साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. 2020 च्या जनगणनेत ती सुमारे 6 लाख 39 हजार भरली. कारखाने उपनगरांत, दक्षिणेकडच्या राज्यांत आणि देशाबाहेर गेले, गोरी मध्यमवर्गीय वस्ती शहराची हद्द ओलांडून बाहेर गेली, कर भरणारे कमी झाले आणि निवृत्तिवेतनाचे देणे मात्र तसेच राहिले. 18 जुलै 2013 रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे 1,800 कोटी डॉलरच्या कर्जाची ही अमेरिकेतल्या कोणत्याही शहराची सर्वांत मोठी दिवाळखोरी ठरली, आणि तिच्यात निवृत्त पालिका कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनालाही कात्री लागली. संघसुद्धा 1975 मध्ये शहर सोडून पन्नासेक किलोमीटरवरच्या पाँटिअॅक गावातल्या सिल्व्हरडोम या मैदानात गेला आणि 2002 मध्ये शहरात फोर्ड फील्ड हे मैदान बांधून झाल्यावरच परतला. ज्या वर्षांत राष्ट्रीय बातम्यांत डेट्रॉइटचे नाव फक्त ओस पडलेल्या इमारतींच्या चित्राखाली येत होते, त्या वर्षांतही रविवारी दुपारी ते न्यूयॉर्क-शिकागोच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत फलकावर लिहिले जात होते. माझ्या मते इथल्या निष्ठेचे मूळ तिथे आहे. ते समजले, की हरणाऱ्या संघाला लोक सोडून का देत नाहीत हा प्रश्न पडत नाही.

आता रागाविषयी, कारण निष्ठा आणि राग इथे एकाच ताटात जेवतात. राग कोणावर धरायचा हे नव्या चाहत्याला बहुधा कळत नाही, आणि तो चुकीच्या माणसावर निघतो. त्यासाठी या लीगची घडण समजून घ्यावी. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, तसे इथे होत नाही. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांतून येणारा पैसा सर्व संघांना सारखा वाटला जातो. सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क मिळतो. म्हणजे सतत हरूनही मालकाचे आर्थिक नुकसान फारसे होत नाही; झळ लागते ती फक्त तिकीट काढणाऱ्याला. विल्यम क्ले फोर्ड यांनी 1963 च्या अखेरीस लायन्स विकत घेण्याचा करार केला, आणि तेव्हापासून संघ त्याच कुटुंबाकडे आहे. ज्या घराण्याच्या कारखान्यांनी हे शहर उभे केले तेच घराणे संघाचे मालक असल्यामुळे इथल्या चाहत्याची तक्रार नेहमी दुहेरी असते, आणि तिच्यात धन्याविषयीचा जुना आदर आणि जुना सल दोन्ही मिसळलेले असतात.

तक्रार कशी करावी याचा नमुना इथल्या लोकांनी डिसेंबर 2005 मध्ये घालून दिला. मॅट मिलेन हे 2001 पासून संघाचे प्रमुख होते आणि सप्टेंबर 2008 मध्ये त्यांना दूर करण्यात आले तोवर संघाने 31 सामने जिंकले आणि 84 गमावले. त्यांना काढावे या मागणीसाठी चाहत्यांनी फोर्ड फील्डबाहेर मोर्चा काढला आणि सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्याला शेकडो जण घरच्या निळ्याऐवजी शिकारी घालतात तसे नारिंगी कपडे घालून बसले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते बसले. घरी राहिले नाहीत, दुसऱ्या संघाचे झाले नाहीत. आपणही हाच नेम ठेवावा : फलक धरायचा तो निर्णय घेणाऱ्यांसाठी, आणि चेंडू सुटलेल्या बावीस वर्षांच्या पोराच्या नावाने समाजमाध्यमांवर गरळ ओकायची नाही. माझे शेजारी मालकांविषयी तासभर बोलू शकतात, पण खेळाडूला शिवी दिलेली मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

खेळाडू सोडून जातात तेव्हा काय करावे, हा त्याहून अवघड भाग आहे. बॅरी सँडर्स हा लायन्सचा बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू. दहा हंगामांत तो चेंडू घेऊन 15,269 यार्ड धावला, आणि कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याच्या विक्रमाला 1,457 यार्ड उरले असताना, जुलै 1999 मध्ये, धडधाकट असताना त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. सतत हरण्याने त्याचे मन उडाले होते. लोक रागावले, दुखावले, आणि अखेर त्यांना उमजले, की ज्या गोष्टीने आपण पिचलो तिनेच तोही पिचला होता. सप्टेंबर 2023 मध्ये फोर्ड फील्डबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. मॅथ्यू स्टॅफर्डच्या बाबतीत डेट्रॉइट अधिक शहाणपणाने वागले. बारा हंगाम मोडक्या बोटांनी आणि दुखऱ्या बरगड्यांनी खेळून त्याला बाद फेरीतला एकही विजय मिळाला नव्हता. 2021 मध्ये तो लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत त्या रात्री रॅम्सच्या नावाने टाळ्या वाजल्या. पण 14 जानेवारी 2024 रोजी तोच स्टॅफर्ड बाद फेरीचा सामना खेळायला फोर्ड फील्डवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याच्या बदल्यात लॉस एंजेलिसने नको म्हणून दिलेल्या जॅरेड गॉफच्या नावाचा गजर केला. गेलेल्याला शुभेच्छा द्याव्यात, पण आपल्या मैदानावर तो पाहुणा असतो, हा इथला नियम आहे आणि तो मला योग्य वाटतो.

प्रत्यक्ष सामन्याला जायचे असेल तर पहिली खेप महागाच्या बाद फेरीची न घेता ऑक्टोबरातल्या एखाद्या साध्या सामन्याची घ्यावी. सकाळी लवकर निघून ईस्टर्न मार्केट या जुन्या मंडईच्या परिसरात गाडी लावावी. तिथे लोक गाडीच्या डिकीमागे शेगडी पेटवून सॉसेज आणि मांस भाजत असतात, आणि अनोळखी माणसालाही कागदी ताटलीत वाढतात. आपणही काही घेऊन जावे. आमच्याकडून नेलेले बटाटेवडे दरवेळी आधी संपतात. तिथून मैदान पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. मैदानाला छप्पर असल्यामुळे आत उबदार असते, पण बाहेरच्या तीन तासांसाठी थंडीचे कपडे हवेतच, आणि ते आत मांडीवर घेऊन बसण्याची तयारी ठेवावी. पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकची लागते, नाहीतर फाटकावरून परत गाडीपर्यंत चालावे लागते. आपल्याकडच्या क्रिकेटच्या सवयीने हमखास होणारी एक चूक टाळावी : चेंडू आपल्या संघाकडे असताना ओरडू नये. क्वार्टरबॅक सहकाऱ्यांना ओरडून सूचना देत असतो आणि त्या त्यांना ऐकू जाव्या लागतात. घसा फाडायचा तो चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना, विशेषतः दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी त्यांच्या तिसऱ्या प्रयत्नाला. तेव्हा 65,000 माणसांचा आवाज छपराला आपटून परत येतो आणि पायाखालचे काँक्रीट थरथरते.

घरी पाहणाऱ्याला आता सोपे आहे. 2014 पर्यंत असा नियम होता, की सामन्याच्या 72 तास आधी सगळी तिकिटे विकली गेली नाहीत तर स्थानिक दूरचित्रवाणीवर सामना दाखवायचा नाही. 2008 मध्ये मोटार उद्योग बुडायला आला होता, माणसे कामावरून कमी होत होती, तिकिटे पडून राहत होती, आणि त्यामुळे ज्यांना तिकीट परवडत नव्हते त्यांना घरी बसूनही सामना दिसत नव्हता. शेजारी सांगतात, की त्या दिवसांत ते गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसत आणि शेवटचा भोंगा झाल्यावरच पेन्सिल उचलत. तो रेडिओ अजून फळीवर आहे. 5 डिसेंबर 2021 ला त्यांनी बऱ्याच दिवसांनी शाई काढली. त्या हंगामात दहा पराभव आणि एका बरोबरीनंतर लायन्सने मिनेसोटाविरुद्ध अगदी शेवटच्या चेंडूवर 29-27 असा विजय मिळवला. पाचच दिवसांपूर्वी उत्तरेकडच्या ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत गोळीबार होऊन चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले होते, आणि प्रशिक्षक डॅन कॅम्बेल यांनी तो विजय त्या गावाला अर्पण केला. तळाला असलेल्या संघाचा तो एकमेव नव्हे, पण त्या घडीला पहिला विजय होता, आणि मोठी माणसे रडताना मी पाहिली.

जिंकू लागल्यावर काय करावे, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. 2023 च्या हंगामात लायन्सने तीस वर्षांनी गटविजेतेपद मिळवले, रॅम्सना 24-23 असे आणि टँपा बेला 31-23 असे हरवले. मग 28 जानेवारी 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला 24-7 अशी आघाडी होती, आणि सामना 34-31 असा गमावला. त्या रात्री गॅरेजमध्ये दहा-बारा माणसे होती आणि कितीतरी वेळ फक्त शेगडीच्या पंख्याचा आवाज येत होता. तेव्हा आकडेमोड करू नये, ‘तो फील्ड गोल मारायला हवा होता’ (म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घ्यायला हवे होते) असे लगेच म्हणू नये. खुर्च्या घडी करायला मदत करावी. सोमवारी कचेरीत त्याच निळ्या टोपीत जावे, कारण आदल्या आठवड्यात ती घालून आलेले सगळेजण ती पुन्हा घालून येतात का, हे इथे बारकाईने पाहिले जाते. पुढच्या हंगामात संघाने सतरापैकी पंधरा सामने जिंकले आणि बाद फेरीत वॉशिंग्टनकडून 45-31 अशी हार खाल्ली. टोप्या तेव्हाही होत्या.

बास्केटबॉलच्या पिस्टन्सचे किंवा बेसबॉलच्या टायगर्सचे चाहते व्हायचे असल्यास रीत हीच. पिस्टन्सनी 2023-24 मध्ये सलग 28 सामने गमावले आणि टायगर्सनी 2003 मध्ये एका हंगामात 119, इतके सांगितले तरी पुरे. मात्र एका वेळी एकाच संघापासून सुरुवात करावी.

मुलांना यात ओढावे की नाही, याबद्दल माझे मन बरीच वर्षे साशंक होते. आता मला वाटते, की ती इथे वाढत आहेत तर हा संघ त्यांच्या वाट्याला येणारच. त्यांना सुरुवात थँक्सगिव्हिंगच्या सामन्याने करून द्यावी. 1934 पासून, महायुद्धाच्या काळातली काही वर्षे वगळता, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे आता नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, लायन्स आपल्या घरच्या मैदानावर खेळतात आणि त्या दिवशी सारा देश हा सामना पाहतो. शेजाऱ्यांकडून जेवणाचे बोलावणे आले तर अवश्य जावे, शाकाहारी असल्यास आधी कळवावे, आणि सोबत एखादा गोड पदार्थ न्यावा. सामना दुपारीच सुरू होतो आणि संपेपर्यंत पान मांडले जात नाही, तेव्हा लहान मुलांना घरून थोडे खाऊ घालून न्यावे.