एफआरपी म्हणजे काय आणि आपल्या उसाचा हिशेब कसा काढायचा

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, कारखान्याने उसाला याच्या खाली जायचंच नाही असा केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर, 2009 पर्यंत याच जागी एसएमपी म्हणजे वैधानिक किमान दर होता. बरेच जण एफआरपी हाच उसाचा भाव धरून बसतात, तसं नाहीये, वर कितीही द्यायला कारखान्याला कुणी अडवलेलं नाही आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत, म्हणजे शेतकरी संघटनेच्या मेळाव्यात, पहिल्या उचलीची म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याची मागणी होते ती त्याच्यासाठीच.

आता हिशेब. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 म्हणजे टनाला 3550 रुपये. उतारा म्हणजे 100 किलो उसातनं किती किलो साखर पडली ते. पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागं 34.60 रुपये वाढतात. समजा तुमच्या कारखान्याचा उतारा 12.25 आहे, म्हणजे 2 टक्के जास्त, 20 टप्पे, 692 रुपये, झाले 4242. उतारा अख्ख्या कारखान्याचा धरतात, तुमच्या एकट्या फडाचा म्हणजे शेतातल्या उसाचा नाही. आणि कारखाना बी-हेवी मळीपासनं (जिच्यात अजून काढण्याजोगी साखर शिल्लक असते ती मळी) इथेनॉल करत असेल तर तिकडं गेलेली साखर धरूनचा उतारा विचारा, नाहीतर आकडा कमी दिसतो.

पण 4242 खात्यावर येत नाहीत, एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा दर आहे, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते. ती 900 धरली तर हातात 3342. पेपरात 'एफआरपी इतकी' वाचलं की आधी हेच बघायचं, तोडणी-वाहतूक धरून का वजा करून, दोन कारखान्यांची तुलना इथंच चुकते. ऊसतोड टोळीला वरनं दिलेले पैसे म्हणजे खुशाली आणि प्रत्येक खेपेला ड्रायव्हर मागतो ती एंट्री यात कुठंच येत नाही, ती सरळ शेतकऱ्याच्या खिशातनं जाते आणि ते बंद व्हायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं.

पैसे ऊस गेल्यापासून 14 दिवसांत मिळायला पाहिजेत, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज, कायद्यातच आहे. 100 टनाचे 3,34,200 थकले तर दिवसाला साधारण 137 रुपये होतात. वजनाच्या सगळ्या पावत्या तारखेनं लावून ठेवा, बिल थकलं की त्यांच्या झेरॉक्स जोडून व्याजासकट मागणीचा अर्ज कारखान्यात द्या, पोच घ्या आणि एक प्रत आपल्या भागाच्या प्रादेशिक साखर सहसंचालक कार्यालयात द्या, आमच्याकडं ते कोल्हापुरात आहे.