घरात रेंज नसेल तर डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलची तयारी आधी कशी करावी

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी, न थांबणारं रक्त: अशा वेळी आधी १०८. व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर ही रुग्णवाहिका येईपर्यंतची मदत. केंद्राच्या २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांतही तातडीच्या प्रसंगी फोनवरचा सल्ला प्रथमोपचार आणि पुढे कुठे न्यायचं एवढ्यापुरताच ठेवायला सांगितलं आहे. पण तेवढ्यासाठीही आवाज पोचायला हवा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माजघरात किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या तळमजल्यावर घोडं अडतं ते तिथेच.

आधी घरभर फिरून रेंज मोजा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल उणे आकड्यात (dBm) दिसतो. फोर-जीला उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे १०५ ला काम भागतं, उणे ११५ च्या पलीकडे भरवसा ठेवू नका. आजारी माणसाची खाट, सोपा, जिना, माडी, सगळीकडचे आकडे लिहून ठेवा. रात्री आठ-नऊला पुन्हा एकदा कॉल लावून बघा. सगळे मोबाईलवर असतात तेव्हा सिग्नल तेवढाच दिसूनही इंटरनेट रखडतं. माडीवर रेंज जास्त असेलच असं नाही. पावसासाठी गच्चीवर घातलेला पत्रा लहरी परतवून लावतो. त्याच्याखालच्या खोलीपेक्षा रस्त्याकडची खिडकी बरी.

फोनवर दिसणाऱ्या सिग्नलच्या दांड्यांवर मात्र विसंबू नका. टॉवरकडून तुमच्याकडे काय येतं, एवढंच त्या दाखवतात. फोनची ताकद टॉवरच्या मानाने फारच थोडी, त्यामुळे जाड दगडी भिंतीत आधी तुमचा आवाज तुटतो. डॉक्टर तुम्हाला नीट ऐकू येतात, त्यांना मात्र तुमचं काहीच कळत नाही. म्हणून खाटेजवळून एखाद्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल लावा आणि ‘माझं ऐकू येतंय का, चेहरा स्पष्ट दिसतोय का’ हे त्यांनाच विचारा. सगळ्यात उपयोगाची चाचणी हीच.

खाटेजवळ जमत नसेल तर रुग्णाला उचलून खिडकीशी नेण्यापेक्षा वाय-फाय खाटेपर्यंत आणा. राउटर त्या खोलीच्या दाराशी ठेवा आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. मग साधा कॉलही ब्रॉडबँडवरून जातो. लाईट गेली की राउटर बंद पडतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा त्याला छोटा यूपीएस जोडाच. फाइव्ह-जी घरात येत-जात राहत असेल तर फोन फोर-जीवर ठेवा. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्या. बाजारातला बूस्टर मात्र नको: परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे, शिवाय शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं ते वेगळंच. मोठ्या अपार्टमेंटमध्ये सोसायटीने मोबाईल कंपनीकडे इमारतीच्या आत अँटेना बसवण्याची लेखी मागणी करावी.

ई-संजीवनीसारख्या, घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर नोंदणी आजच करून ठेवा. ऐन वेळी ओटीपीची वाट बघत बसणं परवडत नाही.

प्रत्यक्ष कॉलमध्ये पहिल्या वाक्यात पत्ता आणि जवळची खूण सांगा, मग वय आणि त्रास. कॉल तुटला तरी तेवढं गेलेलं असतं. चित्र अडखळलं की व्हिडिओ लगेच बंद करून नुसत्या आवाजावर या, औषधांच्या पाकिटांचा फोटो पाठवा. फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसलं तर ११२ लावा; तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

हे सगळं एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा: रेंजची जागा, कुठलं सिम, वाय-फायचा पासवर्ड, नेहमीची औषधं. आणि पेठेत राहत असाल तर आणखी एक ओळ: रुग्णवाहिकेला वाट दाखवायला बोळाच्या तोंडाशी कोण थांबणार, त्याचं नाव.